धुऱ्यावरची सायकल

“आत्या, तुमच्या अमेरिकेत रस्ते नाहीत का?”

भाचीनं हे विचारलं, कारण मी नुकताच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला होता. फोटोत मी. वय सत्तेचाळीस, डोक्यावर हेल्मेट, पायापासून कपाळापर्यंत चिखल, आणि खांद्यावर सायकल. म्हणजे मी सायकलवर नाही, सायकल माझ्यावर. वहिनीनं आधी “पडल्या का हो ताई?” असं विचारलं, दादानं नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं, आणि मग नववीतल्या भाचीचा हा प्रश्न. बाबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दादाच्या फोनवरून, आवाज रेकॉर्ड करून. ते एवढंच म्हणाले, “उजव्या खांद्यावर घेतली ते बरं केलं. चेन बाहेरच्या अंगानं राह्यते, कपडे खराब होत नाहीत.”

आमचे बाबा पोस्टमन होते. त्यामुळे हा लेख सायकलच्या शर्यतीबद्दल आहे की किरनापूरबद्दल, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मंडळी, तुम्हीच ठरवा.

आधी किरनापूर. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. सरकारी पाटीवर ‘किरनापुर’, आम्ही लिहितो किरनापूर. मंडळात कुणी “तुम्ही मूळच्या कुठल्या?” असं विचारलं की माझी पंचाईत होते. मध्य प्रदेश म्हटलं की लोक इंदूर-ग्वाल्हेरचे सरदार, होळकर-शिंदे, पोहे-जिलबी इथपर्यंत पोचतात. आम्ही त्यातले नव्हेत. आम्ही धानवाले. नागपूरहून रेल्वेनं गोंदियाला उतरायचं, तिथून राजेगावकडे निघायचं, वाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपला. पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे धान तेच, धुरे तेच, बोलणंही बरंचसं तेच. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. त्याआधी हे सगळं एकाच राज्यात होतं आणि त्याची राजधानी नागपूर होती. आजीच्या तोंडी शेवटपर्यंत ‘सरकार’ म्हणजे नागपूर.

अर्ध्या गावाच्या घरात पोवारी, आमच्या घरात झाडीपट्टीची मराठी, बाजारात आणि शाळेत हिंदी. बाबांच्या थैलीत तिन्हींची पत्रं असायची. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माहेरहून आलेली मराठी पत्रं ते सुनांना वाचून दाखवत आणि वाईट बातमी असली तर आधी पाणी मागून घेत. घरधनीण पाणी आणायला आत गेली की तेवढ्या वेळात ते पत्र मनात वाचून काढत. हे आईनं मला फार नंतर सांगितलं.

आमचं घर खुद्द किरनापुरात नाही, तिथून तीनेक किलोमीटरवरच्या खेड्यात आहे. बाबांच्या फेरीतली बरीच गावं अशीच, रस्ता सोडून आत. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल जायची. रोवणीच्या दिवसांत चाकोरी म्हणजे नुसता गाळ. मग बाबा धुऱ्यानं जात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे धानाचं शेत म्हणजे चौकोनी बांध्या, एकीला लागून एक, आणि दोन बांध्यांच्या मधे मातीचा उंचवटा, तो धुरा. रुंदी एका माणसापुरती, तीही सगळीकडे नाही. त्यावर तुरीची झाडं लावलेली. मधेच पाणी काढून द्यायला धुरा फोडलेला असतो. बाबा त्या फोडीपाशी येण्याआधीच, सायकल चालती असताना, उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणत, क्षणभर डाव्या पेडलवर एका पायानं उभे राहत, आणि सायकल थांबायच्या आत चालायला लागत. मग नळीत हात घालून सायकल उचलत, खांद्यावर घेत, फोड ओलांडत, ठेवत, टांग मारून पुन्हा बसत. ॲटलसची चोवीस इंची काळी सायकल, वीस किलोच्या आसपास तरी असणार, वर थैली.

मला यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. मी स्वतः ते शिकलेही नाही. मुलींनी नळीच्या खालून पाय घालून कैची मारायची तेवढी परवानगी होती, पुढे कॉलेजात लेडीज सायकल मिळाली, तिला मुळात नळीच नसते.

आता शर्यत. सायक्लोक्रॉस हा प्रकार मला पोर्टलँडला येऊन बारा वर्षं झाली तरी माहीत नव्हता. ऑफिसातली एक मैत्रीण दर शरद ऋतूत सोमवारी लंगडत यायची, तिनं सांगितलं. अडीच-तीन किलोमीटरची वाटोळी वाट, गवत, चिखल, वाळू, चढ यांच्यातून आखलेली. दोन्ही बाजूंनी फिती बांधलेल्या. मधेच आडव्या फळ्या, साधारण गुडघ्याच्या खाली येणाऱ्या, जागतिक नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच. तिथे बहुतेकांना उतरावंच लागतं. उतरा, उचला, पळा, बसा. ठरलेल्या वेळात जितक्या फेऱ्या होतील तितक्या. मोठ्या खेळाडूंची शर्यत तासाभराची, आमच्यासारख्या नवशिक्यांची चाळीस मिनिटांच्या आतबाहेर.

मूळ फ्रान्सचं. तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ ची. रस्त्यावरचे सायकलस्वार हिवाळ्यात अंग तापतं ठेवायला शेतं, कुंपणं तुडवत गावोगाव जायचे, त्यातून हे निघालं. जागतिक अजिंक्यपद १९५० पासून आहे, बायकांचं मात्र २००० पासून. पन्नास वर्षं बायका काय करत होत्या म्हणाल तर माझ्या अंदाजानं कपडे धूत होत्या, कारण या खेळात कपड्यांचं जे होतं ते बघवत नाही. आज या खेळाचे देव बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये राहतात. तिथे हजारो लोक भर थंडीत चिखलात उभं राहून ओरडतात. ओरेगनमध्येही वेड कमी नाही. क्रॉस क्रुसेड नावाची शर्यतींची मालिका इथे १९९० च्या दशकापासून आहे, आणि हॅलोविनच्या सुमारास लोक त्यात भोपळा, केळं, नन असली सोंगं घेऊन सायकल चालवतात.

भारतात लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचं नाव आपण ऐकतो. आमच्या बाजूचेच, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं केली होती. ती माणसं वेगळ्या धातूची. मला चाळीस मिनिटं पुरेत, असं मनाशी म्हणत मी मैत्रिणीची जुनी सायकल मागून घेतली.

शर्यतीच्या आधल्या आठवड्यात नवख्यांसाठी एक शिकवणी होती, बागेतल्या हिरवळीवर. शिकवणाऱ्या बाईंनी फळीकडे येताना उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणला, क्षणभर डाव्या पेडलवर उभ्या राहिल्या, आणि सायकल थांबायच्या आत चालायला लागल्या.

मी सायकल हिरवळीवर आडवी टाकून खाली बसले. बाई घाबरल्या. चक्कर आली का, पाणी हवं का. मी काय सांगणार? माझे वडील हे मनिऑर्डरी घेऊन करायचे?

त्या दिवशी मला उतरणं जमलं, अगदी दुसऱ्या खेपेला. बाईंनी विचारलं, आधी कुठे शिकलीस? बसणं मात्र जमलं नाही. तिकडची रीत अशी की पळता पळता उडी मारून मांडीवर सीटवर घसरायचं. आमची रीत टांग मारायची, डावा पाय पेडलवर, उजव्यानं दोन ढकल्या, आणि मग पाय फिरवून वर. बाई म्हणाल्या, वेळ जातो. जाऊ दे.

शर्यत नोव्हेंबरातल्या एका पावसाळी रविवारी पोर्टलँड इंटरनॅशनल रेसवेच्या आवारात होती. एरवी तिथे मोटारी धावतात. या जागेची एक गोष्ट मला नंतर कळली आणि मग ती डोक्यातून जाईना. इथे व्हॅनपोर्ट नावाचं एक अख्खं शहर होतं. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी १९४२ मध्ये घाईघाईनं उभारलेलं, एके काळी ओरेगनमधलं दोन नंबरचं मोठं. ३० मे १९४८ ला कोलंबिया नदीचा बांध फुटला आणि एका दुपारीत ते वाहून गेलं. निदान पंधरा माणसं गेली, हजारो बेघर झाली. त्यात कृष्णवर्णीय कुटुंबं पुष्कळ होती, कारण त्यांना पोर्टलँड शहरात घरं मिळत नव्हती. आम्ही ज्या चिखलात हौसेनं लोळायला गेलो तो हा चिखल.

पहिल्या फेरीत मी तीनदा पडले. एकदा वळणावर, एकदा वाळूत, आणि एकदा सरळ सपाट गवतावर, ज्याचं कारण आजतागायत कळलेलं नाही. मैत्रिणीनं चाकातली हवा इतकी कमी करायला लावली होती की टायर बोटानं दबत होतं. किरनापूरच्या पंक्चरवाल्यानं बघितलं असतं तर पंप घेऊन मागे धावला असता. पण चिखलात चाक पकड धरतं ते त्यामुळेच. लोक फितीपलीकडून गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते. एका आजोबांनी मला ओरडून सांगितलं, “तू छान चाललीयेस!” तेव्हा मी चालतच होते, म्हणजे पायी.

दुसऱ्या फेरीत चाक फिरेना. चिखल आणि गवत मिळून त्याचा गिलावा झाला होता, चाक आणि फ्रेमच्या मधे गच्च. माझ्यामागची बाई बोटांनी खरवडत बसली. मला एकदम बाबांची चिपाटी आठवली. बांबूची वीतभर चपटी पट्टी, ते सीटच्या मागे खोचून ठेवत आणि दर धुऱ्यानंतर चाकावरून फिरवत. मडगार्ड श्रावण संपेपर्यंत काढूनच ठेवलेलं असायचं. मी फितीच्या खांबापाशी पडलेली एक काडी घेतली आणि तेच केलं. मग चढावर सायकल उचलली, उजव्या खांद्यावर. ती सायकल नऊ-दहा किलोची. पिसासारखी वर गेली आणि मला रडू आलं. पावसात कुणाला कळलं नाही. फोटो तेव्हाचा आहे.

शेवटून दुसरी आले. शेवटची जी होती तिची चेन तुटली होती.

बाबा एकोणऐंशीचे आहेत. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पोस्टाची नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण रोज सकाळी किरनापूरला जाऊन पेपर आणणं सुटलं नव्हतं. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि दादानं सायकल कोठीत घालून कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधावी तशी जपली. मी फोनवर दादाचीच बाजू घेतली होती. दुरून बाजू घ्यायला काय लागतं?

डिसेंबरात मी गेले त्याला आणखी एक कारण होतं. रस्त्याला लागून आमची दोन एकरांची बांधी आहे, आजोबांपासूनची. दादाला ती विकायची आहे. रस्त्याकाठच्या जमिनीला आता गिऱ्हाईक आहे. मुलाच्या शिक्षणाला पैसा हवा, आणि धानात काय उरतं ते त्यालाच माहीत. मुलीचीही सही लागते. बाबा म्हणाले होते, “ते येईल, पाहील, मंग पाहू.” आमच्याकडे मुलीला लाडानं ‘ते’ म्हणतात, बरं का.

घरी पोचले तेव्हा धान कापून झालं होतं. बांध्यांत नुसते खुंट, खळ्यावर तणसीचा ढीग, आणि बोडीच्या खालच्या ओलाव्याच्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार. जेवायला चिन्नोरचा भात. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वहिनी म्हणाली, “मानांकन मिळालं म्हनून पाहुण्यालेच देतो, आमी जाडाच खातो.”

तिसऱ्या दिवशी भाचीनं विषय काढला. “आत्या, ते खांद्यावरचं करून दाखव ना.” तिला शाळेसाठी सरकारनं दिलेली सायकल आहे. दुसऱ्या गावी शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलांना राज्य सरकार देतं ती. पण ती लेडीज, नळी नाही, पुढे टोपली. खांद्यावर घ्यायला जागाच नाही. आम्ही दोघी अंगणात तिच्याकडे बघत उभ्या होतो. सपरीत खाटेवरून बाबांचा आवाज आला, “माही काढा.”

दादा काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं किल्ली आणून माझ्या हातात दिली आणि बैलांकडे निघून गेला.

दोन्ही चाकं बसलेली होती, कोठीतल्या उंदरांनी सीट कुरतडली होती. किरनापूरच्या बाजारात नेऊन ट्यूबा बदलल्या. पंक्चरवाल्या पोरानं “डाकबाबू की है ना?” म्हणून मजुरी घ्यायची नाकारली. दुपारी त्याच दोन एकरांच्या बांधीवर आम्ही वाट आखली. फिती नव्हत्या, तणसीचा दोर होता. फळ्यांची गरज नव्हती, धुरे होते. गावातली पंधरा-वीस पोरं जमली, एकानं पटाच्या बैलांची घुंगरमाळ आणली आणि वाजवत बसला. शंकरपट म्हणजे आमच्या भागातली बैलजोड्यांची शर्यत. हे त्याला सुचावं आणि पोर्टलँडच्या त्या आजोबांनाही गाईची घंटाच सुचावी! बाबांना मोटारसायकलवर मधे बसवून आणलं आणि धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

मी ॲटलसवर बसले. पहिल्या धुऱ्यापाशी उजवा पाय मागून फिरवला, पेडलवर उभी राहिले, उतरले. झकास. मग उचलायला गेले. वीस किलो आणि सत्तेचाळीस वर्षं. सायकल कमरेपर्यंत आली, तिथून पुढे येईना. पोरं खिदळत होती. बाबा ओरडले, “हातानं नाई वं! मांडीनं! मांडीचा टेका दे!” गुडघा नळीखाली घालून वर ढकलली, तशी ती खांद्यावर चढली. बोडीखालच्या ओल्या बांधीत मी सायकलसकट बसले ते सोडा. लाखोळी चेपली म्हणून शेजारच्या काकांना सॉरी म्हणावं लागलं, त्यांनी “असू द्या बाई, तुमचंच होय” म्हटलं.

भाची मात्र चौथ्या खेपेला माझ्याहून सफाईनं उतरली आणि नळीत हात घालून निघालीसुद्धा. उंची पुरत नव्हती, तर सायकल दंडावर तोलून.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बाबा काठी टेकत उठले. सायकल माझ्या हातात होती. त्यांनी हँडल धरलं, काठी मला दिली, ब्रेक दाबून पाहिले. मग डावा पाय पेडलवर ठेवला. दादा पलीकडच्या धुऱ्यावरून ओरडला, “बाबा!” पोरं गप्प झाली, घुंगरमाळही थांबली. बाबा तसेच उभे राहिले. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पाय खाली घेतला आणि म्हणाले, “ब्रेक ढिल्ले झाले.”

रात्री दादा आणि मी सपरीत बसलो होतो. तो चिडलेला नव्हता, दमलेला होता. म्हणाला, “तू तिकडं पैसे भरून चिखलात जातेस. आमी चिखलातून निघाले पायतो.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी म्हटलं, बाबा म्हणतील तिथे सही करते. बाबा आतून म्हणाले, “एक रोवनी होऊ द्या.” ते जागे होते. कागद तसाच कपाटात आहे. सायकल कोठीतून सपरीत आली आहे, कुलूप नाही, पण दादानं सीट काढून ठेवली आहे.

निघताना बाबांनी मला चिपाटी दिली. बांबूची, वापरून गुळगुळीत झालेली, टोकाला जुना चिखल सुकून दगड झालेला. मी ती धुवायला घेतली तर म्हणाले, “राहू दे.”

सॅन फ्रान्सिस्कोला कस्टमच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं, हो, शेतावर गेले होते. अधिकाऱ्यानं बूट मागितले, तळव्याची माती पाहिली, आत नेऊन धुवून आणले. मग चिपाटी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, सायकलचा चिखल काढायचं अवजार. त्यानं माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिपाटीकडे बघितलं, आणि तीही आत घेऊन गेला. परत आली ती ओली, स्वच्छ, औषधाचा वास येणारी. आता गॅरेजमध्ये पंपाच्या शेजारी टांगली आहे. शर्यती ऑक्टोबरात सुरू होतात, आणि रोवणी त्याआधी, पाऊस वेळेवर आला तर.